लंबूचा पगार

काय दोस्तांनो, घटक चाचणीचे पेपर मिळाले का हातात? मिळाले असतील तर तूर्त दप्तरातच राहू द्यात. आज मी तुम्हाला माझं प्रगतिपुस्तक दाखवणार आहे. आधीच सांगून ठेवते, त्यात एका विषयात पैकीच्या पैकी गुण आहेत आणि बाकी सगळीकडे लाल शाई!

त्याचं असं झालं. गेल्याच्या गेल्या दिवाळीत माझा भाचा सुट्टीला आमच्याकडे आला होता. तेव्हा तो नववीत होता. फराळाचं ताट पुढे असतानाही याचं डोकं मोबाइलमध्येच. मी आपली शाळेतल्या सवयीनं ओरडले, "ठेव तो खेळ!" तर म्हणतो कसा, "मावशी, हा खेळ आहे खरा, पण यात खेळायचंच नसतं."

आता आली का पंचाईत? खेळायचं नाही तो कसला खेळ! मी चकली हातात घेऊन शेजारी जाऊन बसले, आणि बरं का, तिथंच फसले.

खेळाचं नाव बझरबीटर. २००७ साली सुरू झालेला हा इंटरनेटवरचा बास्केटबॉलचा खेळ. पण बटणं दाबून चेंडू उडवायचा नाही. तुम्हाला एक संघ मिळतो आणि तुम्ही त्याचे मालक, कोच, हिशेबनीस, तिकिटं विकणारे असे सगळं काही असता. कुणाला खेळवायचं, कुठल्या जागेवर खेळवायचं, सरावात काय शिकवायचं, तिकीट केवढ्याला ठेवायचं हे तुम्ही ठरवायचं. सामना संगणक खेळतो. तुम्ही फक्त नखं खात बघायचं. अगदी आमच्यासारखं! वर्षभर शिकवायचं आम्ही, आणि पेपर लिहायला बसणार तुम्ही.

तुमच्यापैकी काहींच्या शाळेत बास्केटबॉलचं मैदान असेल. नसेल त्यांच्यासाठी सांगते. मैदानात एका वेळी पाच जण असतात. चेंडू टप्पे मारत पुढे आणणारा आणि कुणाला द्यायचा ते ठरवणारा तो पॉइंट गार्ड. हा बहुधा संघातला बुटका आणि चपळ. आणि बास्केटच्या अगदी खाली उभा राहणारा ताडमाड गडी म्हणजे सेंटर. बास्केटची कडी जमिनीपासून १० फुटांवर. तेव्हा सात फुटी माणसाला तिथं काय सोपं जात असेल, बघा! उरलेले तिघे या दोघांच्या मधले.

या खेळात प्रत्येक खेळाडूची कौशल्यं वेगवेगळी मोजलेली असतात. लांबून उडी मारून चेंडू टाकणं, चेंडू हाताळणं, मुसंडी मारणं, पास देणं ही एका बाजूला. बास्केटखालून चेंडू आत घालणं, बास्केटखाली बचाव करणं, परत आलेला चेंडू झेलणं म्हणजे रिबाउंड, आणि समोरच्याचा चेंडू हवेतच थोपटणं ही दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या गटाला मी 'खांबाजवळची कामं' म्हणते. प्रत्येक कौशल्याला १ ते २० पायऱ्या. गंमत म्हणजे प्रत्येक पायरीला नुसता आकडा नाही, शेरासुद्धा असतो. सगळ्यात खाली असतो 'भयंकर' अशा अर्थाचा, आणि सगळ्यात वर 'दंतकथा' असा. आमच्या खात्यानं प्रगतिपुस्तकात असे शेरे द्यायची परवानगी दिली तर काय बहार येईल!

मला नव्या खेळाडूंच्या निवडीत एक १८ वर्षांचा सात फुटी पोरगा मिळाला. संगणकानं दिलेलं नाव लांबलचक होतं. मी आपलं त्याला लंबू म्हणू लागले.

आता नियम नीट ऐका, कारण सगळी गोष्ट या नियमावर उभी आहे. आठवड्याला एकच कौशल्य शिकवता येतं. तेही ठरावीक जागेवर खेळणाऱ्यांनाच. म्हणजे 'या आठवड्यात सेंटरना खांबाजवळचा नेम शिकवा' असं सांगितलं, तर त्या आठवड्यात सामन्यात जो सेंटर म्हणून खेळला त्यालाच ते शिक्षण मिळणार. सामना ४८ मिनिटांचा. तेवढी मिनिटं त्या जागेवर भरली की पूर्ण शिक्षण, कमी भरली की अर्धंमुर्धं. हजेरीच म्हणा ना! शुक्रवारी निकाल लागतो आणि कुणाची कुठली पायरी चढली ते कळतं. शिवाय पोरगा जितका तरुण तितका लवकर शिकतो. उंच मुलगा खांबाजवळची कामं पटापट शिकतो, बुटका चेंडू हाताळणं पटापट शिकतो.

मग मी काय केलं असेल? ओळखा पाहू!

बरोब्बर. उंच आहे ना, मग उंचाचंच शिकवा! एक आठवडा नेम, एक आठवडा बचाव, एक आठवडा रिबाउंड. पुन्हा नेम, पुन्हा बचाव, पुन्हा रिबाउंड. या खेळातलं एक वर्ष १४ आठवड्यांचं असतं. अशी चार वर्षं मी लंबूला घोटलं. १४ गुणिले ४ किती? ५६. छप्पन्न शुक्रवार! शाळेत दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी हळूच मोबाइल बघायची, आणि पायरी चढली असली की त्या दिवशी चौथीच्या वर्गाला गृहपाठ कमी मिळायचा. मुलांना कारण कधीच कळलं नाही. आता हे वाचून कळेल.

सुरुवातीला काय मजा! आमच्या लीगमध्ये १६ संघ. पहिल्याच वर्षी आम्ही अर्ध्याच्या वर गेलो. दुसऱ्या वर्षी त्याहून वर. समोरच्यांचे सेंटर लंबूपुढे भिजल्या वातीसारखे. चेंडू लंबूकडे गेला की आत गेलाच. मी बहिणीला फोन करून सांगायची, "आमच्या लंबूनं आज ३४ केले!" ती बिचारी म्हणायची, "कोण गं लंबू? कितवीत आहे?"

तिसऱ्या वर्षी काहीतरी बिनसलं. लंबू पायऱ्या चढतच होता, पण आम्ही हरायला लागलो. मला उलगडेना. एके दिवशी मी सामन्याचं धावतं वर्णन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं, अगदी पेपर तपासतात तसं. तेव्हा दिसलं. समोरचे संघ हुशार झाले होते. त्यांनी बचावाची मांडणीच अशी केली की तिघे जण बास्केटखाली आणि दोघे पुढे. लंबूच्या भोवती हे कडं. अशा वेळी त्यानं काय करायला हवं? चेंडू बाहेरच्या मोकळ्या गड्याला द्यायला हवा. पण पास देणं त्याला मी कधी शिकवलंच नव्हतं! त्या कौशल्याचा शेरा १८ व्या वर्षी होता तोच, 'भयंकर'. तो चेंडू धरून उभा राहायचा, घालवायचा, नाहीतर तिघांच्या डोक्यावरून वेडावाकडा फेकायचा.

आणि दुसरी चूक त्याहून मोठी. छप्पन्न आठवडे सगळी शिकवणी सेंटरची. मग माझे गार्ड? ते तसेच कोरडे पाषाण. लंबूपर्यंत चेंडू आणणारंच कुणी धड नव्हतं. विहिरीला पाणी भरपूर, पण पोहरा फुटका!

तरी मी रेटलं. चौथं वर्ष संपलं आणि नव्या वर्षाचे पगार लागले. हो, या खेळात खेळाडूंना पगार द्यावा लागतो, दर आठवड्याला, डॉलरमध्ये. तो ठरतो वर्षाच्या सुरुवातीला, खेळाडूच्या अंगच्या कौशल्यावरून. लंबूचा आकडा बघितला आणि माझ्या हातातला चहा सांडला. आला तेव्हाच्या दहापटीहून जास्त! माझ्या संघातल्या दुसऱ्या पाच जणांचे पगार एकत्र केले तरी त्याच्याएवढे होईनात. तिकिटांचे पैसे यायचे ते सरळ लंबूच्या खिशात.

भाच्याला फोन लावला. तो आता दहावीत, क्लासवरून नुकताच आलेला. त्यानं सगळं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, तू खेळाडू नाही, क्रेन तयार केलीस."

"अरे पण पगार एवढा का?"

"सेंटरचा पगार मुख्यतः खांबाजवळच्या कौशल्यांवर वाढतो. तू नेमकी तीच कौशल्यं वाढवलीस. पासिंग, चेंडू हाताळणं हे त्याला लहानपणी दिलं असतंस ना, तर पगार फार वाढला नसता आणि खेळ दुपटीनं सुधारला असता."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू जिंकत होतीस ना! तेव्हा तू माझं ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. खरं ते खरं.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं मोबाइलमधलं. खऱ्या मैदानावर काय? तर ऐका. शिकागोच्या दपॉल विद्यापीठात १९४२ साली रे मेयर नावाचे नवे कोच आले. तिथं जॉर्ज मायकन नावाचा एक विद्यार्थी होता, उंची ६ फूट १० इंच, डोळ्यांवर जाडजूड चष्मा आणि चालणं अगदी ढिलंढालं. त्या काळी एवढ्या उंच मुलांना बास्केटबॉल जमतच नाही असं लोकांना वाटायचं. मेयर यांनी या मुलाला काय दिलं असेल? उंच चेंडू झेलायचा सराव? तो तर दिलाच. पण त्याच्याबरोबर दोरीवरच्या उड्या दिल्या, मुष्टियुद्धाचा सराव दिला आणि चक्क नाच शिकायला लावला! पाय हलके व्हावेत म्हणून. आणि रोज बास्केटखाली उभं राहून एकदा उजव्या बाजूनं उजव्या हातानं, लगेच डाव्या बाजूनं डाव्या हातानं चेंडू टाकायचा. आळीपाळीनं, दम लागेपर्यंत. या सरावाला आजही जगभर 'मायकन ड्रिल' म्हणतात. तुमच्या शाळेत बास्केट असेल तर करून बघा, पाचव्या मिनिटाला डावा हात रुसतो!

पुढे हा चष्मेवाला मिनियापोलिस लेकर्स संघाकडून इतका भारी खेळला की १९५१ साली एनबीएनं बास्केटखालचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला. का? त्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ उभं राहायचं नाही असा नियम आहे. पट्टा रुंद केला म्हणजे मायकनला बास्केटपासून लांब उभं राहावं लागणार. एका मुलासाठी मैदानाच्या रेघाच बदलल्या!

दुसरं उदाहरण अलीकडचं. ब्रूक लोपेझ हा सात फुटी सेंटर २००८ साली एनबीएत आला. पहिल्या आठ हंगामांत त्यानं लांबून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून, किती चेंडू आत घातले असतील? तीन. आठ वर्षांत फक्त तीन! तो आपला खांबाजवळचा माणूस. पण खेळ बदलत चालला होता, लांबून मारणाऱ्यांचे दिवस आले होते. मग २०१६-१७ च्या एकाच हंगामात त्यानं १३४ घातले. त्या वेळी तो २८ वर्षांचा होता. २०२१ साली मिलवॉकी बक्स संघ अजिंक्य ठरला, त्यात हा लोपेझ होता.

पण थांबा. तुमच्यात एखादा तरी चिकित्सक असणारच, तो विचारेल, "बाई, मग शकील ओनीलचं काय?" बरोबर आहे. शकीलनं सगळ्या कारकिर्दीत लांबून एकच चेंडू आत घातला. एकच! फ्री थ्रो, म्हणजे कुणीही आडवं येत नसताना १५ फुटांवरून शांतपणे चेंडू टाकायचा, त्यातही त्याचे जवळजवळ निम्मे चुकायचे. समोरचे संघ मुद्दाम त्याला धक्का द्यायचे, कारण तो फ्री थ्रो चुकवणार याची खात्री. तरी तो चार वेळा अजिंक्य संघात होता. म्हणजे एकाच कामाचा माणूस मोठा होतच नाही असं नाही. पण शकीलच्या शेजारी चेंडू आणून देणारे कोबी ब्रायंट आणि ड्वेन वेडसारखे गडी होते. माझ्या लंबूच्या शेजारी कोण होतं? फुटके पोहरे!

मी लंबूला सुधारायचं ठरवलं. पासिंग शिकवायचं तर नियमाप्रमाणे त्याला पॉइंट गार्डच्या जागेवर खेळवायला हवं. सात फुटी लंबू चेंडूचे टप्पे मारत मैदानभर धावतोय आणि त्याच्या पायांतून समोरचा बुटका चेंडू पळवतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. लगोरीत उंट उतरवल्यासारखं! सामने धडाधड गेले. आणि २२ व्या वर्षी, त्यातून एवढी उंची, पासिंगची पायरी काही लवकर चढेना. पगार मात्र दर आठवड्याला ठरल्या वेळी जात होता. तीन आठवड्यांत शिल्लक उण्यात गेली.

शेवटी मी त्याला लिलावात काढला. लिलाव तीन दिवस चालतो. दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या एकानं त्याला घेतलं. मी अजूनही अधूनमधून जाऊन बघते. तिथं त्याच्या जोडीला चांगले गार्ड आहेत आणि लंबू मजेत गुण करतोय. मला आनंद झाला की राग आला, नीट सांगता येत नाही.

त्याच आठवड्यातली शाळेतली गोष्ट. आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. गणितात वाघ. पाढे तीसपर्यंत उलटे म्हणतो. गेली दोन वर्षं कुणी पाहुणे आले, अधिकारी आले की मी त्यालाच उभा करते. "सांग रे, सत्तावीस साते?" आणि तो उत्तर देतो, पाहुणे खूश, मी खूश. मराठीचा धडा वाचायची वेळ आली की त्याला वगळून मी पुढच्या मुलीकडे जाते, कारण तो जोडाक्षरापाशी अडतो, वर्ग हसतो, वेळ जातो. हे मी इतक्या सवयीनं करत होते की माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवशी वहीत लंबूचा हिशेब मांडत बसले होते, पासिंग 'भयंकर', आणि समोर हा मुलगा खडू मागायला येऊन उभा राहिला.

मी त्याला विचारलं, "उद्या परिपाठात बोधकथा तू वाचशील का?"

तो म्हणाला, "बाई, मी? मी तर गणिताचा."

आई-बाबा हा मजकूर वाचत असतील, तर त्यांना हे वाक्य पुन्हा एकदा वाचायला सांगा. नऊ वर्षांचं पोर म्हणतंय, मी गणिताचा! ते त्याला कुणी सांगितलं? मीच की. तोंडानं कधी सांगितलं नाही, पण दोन वर्षं रोज सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला. बारा ओळींची गोष्ट. 'आश्चर्य' या शब्दावर अडला, मागे आला, पुन्हा अडला. मागच्या रांगेतून खुसखुस ऐकू आली. माझा हात दोनदा पुस्तकाकडे गेला. खोटं का सांगू, पुस्तक काढून घ्यावं, दुसऱ्याला द्यावं आणि परिपाठ वेळेत संपवावा असं फार वाटलं. मी हात पाठीमागे बांधून ठेवले. चार मिनिटं लागली. राष्ट्रगीत उशिरा झालं आणि मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे बघितलं. आता दर मंगळवारी तोच वाचतो. 'आश्चर्य' जमतं, 'दृष्टिकोन' अजून नाही. पाढे आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत.

आणि हो, नव्या निवडीत मला पुन्हा एक उंच पोरगा मिळालाय. १८ वर्षांचा, ६ फूट ११ इंच. याचं नाव छोटा लंबू. पहिल्या आठवड्यापासून तो पॉइंट गार्डच्या जागेवर खेळतोय. गेल्या शनिवारी आम्ही ३१ गुणांनी हरलो. छोट्या लंबूनं नऊ वेळा चेंडू घालवला. भाच्याचा फोन आला, तो पोट धरून हसत होता.

"मावशी, खाली घसरणार तुमचा संघ!"

"घसरू दे," मी म्हटलं, "शुक्रवारी बघितलंस का? पासिंग एक पायरी वर गेलंय."